दुधाची नव्हे, कायमची!



मागच्या रविवारी रात्री पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर तिचा चेहरा नव्हताच. नातवाचा आ वासलेला जबडा होता आणि त्यावर जावईबापूंनी धरलेल्या टॉर्चचा झोत. "आई, बघ ना, खाली अगदी मागे हिरडीतून काहीतरी पांढरं वर आलंय. याचा तर अजून एकही दात पडलेला नाही. मग हे काय?"

नातू पुढच्या महिन्यात सहा वर्षांचा होईल. उत्तर मला पडद्याकडे नीट न बघताही ठाऊक होतं. तरी मी क्षणभर गप्प झाले. त्याचं कारण पुढे सांगते. या महिन्याचं सदर खरं तर त्या कारणासाठीच लिहितेय. पण आधी ही 'पांढरी' गोष्ट येते कुठून, ते बघू.

बाळाला सहाव्या महिन्यात दात येतात, असं आपण म्हणतो. उष्टावणाचा चांदीचा चमचा तोंडात जातो आणि थोड्याच दिवसांत खाली दोन इवले दात दिसू लागतात. पण तेव्हा ते फक्त दिसतात. तयारी केव्हाच सुरू झालेली असते. आईच्या पोटात बाळ जेमतेम सहा आठवड्यांचं असतानाच जबड्याच्या जागी दातांचे अंकुर धरतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट साठून ते घट्ट होऊ लागतात. म्हणजे बाळ जन्मतं तेव्हा त्याचं बोळकं दिसायला रिकामं असतं, पण हिरडीखाली विसाच्या वीस दुधाचे दात कमी-अधिक तयार असतात. आणखी एक गंमत. सहाव्या वर्षी उगवणारी पहिली कायमची दाढ साधारण जन्माच्या सुमारासच घट्ट होऊ लागते. बारशाला आपण कानात 'कुर्रर्र' करतो, तेव्हा तिचं काम आत सुरू झालेलं असतं.

दुधाचे दात साधारण ठरलेल्या क्रमानं येतात. सहा ते दहा महिन्यांत खालचे मधले दोन, मग वरचे मधले, मग त्यांच्या शेजारचे. वर्ष-सव्वा वर्षानंतर पहिल्या दाढा, दीड वर्षाच्या आगेमागे सुळे आणि दोन ते पावणेतीन वर्षांत शेवटच्या दाढा. एकूण वीस. वेळेत दोन-चार महिन्यांचा फरक पडला तर घाबरू नका. वाढदिवस झाला तरी एकही दात नाही, अशी बाळं मी पुष्कळ पाहिली आहेत. दीड वर्षापर्यंत मात्र एकही दिसला नाही तर दाखवून घ्यावं. वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं, असं आपल्याकडे म्हणतात. मामाला भाच्यासाठी चांदीची वाटी आणावी लागते, एवढंच काय ते जड!

दुसरा एक समज मात्र हसण्यावारी नेऊ नये. "दात येताहेत म्हणून जुलाब होताहेत" असं म्हणून घरं स्वस्थ बसतात. दात येताना लाळ गळते, बाळ किरकिर करतं, हाताला लागेल ते चावतं. जुलाब आणि चढता ताप दातांमुळे येत नाहीत. जमिनीवरची वस्तू तोंडात गेली की जंतू पोटात जातात, त्यानं जुलाब होतात. अशा वेळी ओआरएसचं पाणी पाजावं आणि बाळाच्या डॉक्टरांकडे जावं. दाताची वाट बघत बसू नये.

आता हे वीस दात काय करतात? चावणं तर आहेच. बोलणंही त्यांच्यावर अवलंबून आहे. त, थ, द, ध, न यांना आपल्या व्याकरणात दंत्य म्हणतात ते उगीच नाही. जीभ दाताच्या मागे टेकल्याशिवाय ही अक्षरं नीट निघत नाहीत. पण तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. दुधाचा दात खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून ठेवतो, बसच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा तसा. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली की रुमाल उचलला जातो. मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्याला जागा उरत नाही. तो मग वाकडा येतो, नाही तर आतच अडकतो. "दुधाचाच आहे, पडणारच आहे" हे म्हणणं म्हणूनच अर्धंच खरं आहे. मागच्या दुधाच्या दाढा पडायला मूल दहा-बारा वर्षांचं व्हावं लागतं. तोवर त्यांना टिकायचं असतं.

दुधाचा दात पडतो तोही मजेशीर रीतीनं. खालून कायमचा दात वर सरकू लागला की वरच्या दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं. शेवटी नुसता माथा हिरडीला चिकटून राहतो आणि जिभेनं हलवता हलवता हातात येतो. पूर्वी आपण तो कौलांवर फेकायचो. कितीतरी आया तो पुडीत बांधून माझ्याकडे आणायच्या. "डॉक्टर, मूळ आतच राहिलं वाटतं!" राहिलेलं नसतं, ते गेलेलं असतं.

कधी खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागून डोकावतात आणि दोन रांगा दिसतात. दुधाचा दात हलत असेल तर बहुधा तो आपण होऊन पडतो आणि जीभ नव्या दाताला पुढे ढकलते. हलतच नसेल तर दाखवा. सात ते अकराच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांत फटी दिसतात, दात फाकलेले वाटतात, कडा करवतीसारख्या असतात, रंगही दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर. आया रडवेल्या होतात. पण अकरा-बाराव्या वर्षी वरचे सुळे उतरले की यातल्या बऱ्याच फटी आपोआप मिटतात, कडा चावून चावून झिजतात. रंग तसाच असायचा असतो, कारण आतला पिवळसर थर जाड आणि वरचा एनॅमलचा थर जरा पारदर्शक असतो. टूथपेस्टनं घासघासून तो पांढरा करायला जाऊ नका.

पटाशीचे दात तुकडा तोडतात, सुळे फाडतात, उपदाढा चुरतात आणि दाढा दळतात. उपदाढा दुधाच्या दातांत नसतातच. त्या दुधाच्या दाढांच्या जागी येतात. तेरा वर्षांपर्यंत अठ्ठावीस दात पुरे होतात. उरलेल्या चार अक्कलदाढा सतरा ते पंचविसाच्या दरम्यान येतात, किंवा कुणाकुणाला येतच नाहीत. प्रत्येक दात हाडात थेट रुतलेला नसतो. बारीक धाग्यांच्या झोळीत टांगल्यासारखा असतो. म्हणून तर भातातला एवढासा खडा दाताखाली आला की घास तिथेच थांबतो.

आता पुन्हा नातवाच्या तोंडाकडे येते.

सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ कुठल्याच दुधाच्या दाताच्या जागी येत नाही. ती सगळ्यांच्या मागे, मोकळ्या हिरडीतून उगवते. ना काही हलतं, ना काही पडतं, ना घरात कुणी टाळ्या वाजवतं. अशा चार दाढा येतात आणि चघळण्याचा मोठा भार पुढची साठ-सत्तर वर्षं त्या उचलतात. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसा बसणार, तेही त्यांच्यावर पुष्कळसं ठरतं. आणि सगळ्यांत जास्त किडते ती हीच दाढ. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. पूर्ण वर यायला तिला कित्येक महिने लागतात, तोवर ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. तिचं एनॅमलही नवं, अजून पुरतं पक्कं न झालेलं. एनॅमल शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ खरा, पण तो बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपून जातात. हाड मोडलं तर जुळतं. एनॅमलला भोक पडलं तर ते भरून काढायला शरीराकडे काहीच नाही.

हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. राजवाड्याच्या अलीकडे माझा दवाखाना होता. रोज वीस-पंचवीस तोंडं बघायची. "डॉक्टरसाब, दूध का दाँत है, गिर जाएगा" असं कुणी म्हटलं की त्यांना आरसा दाखवून समजवायची. संध्याकाळी घरी पोचायला आठ वाजायचे. लेक जेवून झोपायच्या तयारीत असायची. "ब्रश केलास?" "हो." एवढीच आमची तपासणी.

ती साताची असताना सासूबाई एकदा म्हणाल्या, "अगं, हिची मागची दाढ काळी दिसतेय. जरा बघ." मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, "दुधाची असेल, पडेल."

मी, दंतवैद्य, हे न बघता बोलले.

पुढच्या दिवाळीत शेव खाताना ती कळवळली. मी खुर्चीत बसवलं, दिवा लावला. खाली उजवीकडे वरून तपकिरी ठिपका होता आणि आत सगळं पोखरलेलं. कीड नसेपर्यंत गेली होती. त्या वयात या दाढेची मुळंही पुरती बनलेली नसतात, त्यामुळे उपचार अवघड. माझ्या सरांनी शर्थ केली. दोन-अडीच वर्षं दाढ कशीबशी तग धरून होती, पण अकराव्या वर्षी ती काढावी लागली. पुढे मागची दाढ त्या खिंडारात झुकत आली, वरची दाढ समोर कुणी नाही म्हणून खाली उतरू लागली. तारा लावल्या, दोन वर्षं त्यात गेली. आज ती पस्तिशीची आहे आणि अजूनही डाव्या बाजूनंच चावते. सासूबाईंनी मला कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनी बघितलं होतं, मी नाही.

रविवारी फोनवर मी तिला म्हटलं, "मधल्या रेघेपासून मागे मोज." ती मोजू लागली. "एक, दोन, तीन, चार, पाच... आणि हा सहावा."

"दुधाचे एका बाजूला पाचच असतात. सहावा कायमचा."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझी गेली ती हीच ना?" मी म्हटलं, "हो. हीच."

दुसऱ्या दिवशी तिनं नातवाला मुलांच्या दंतवैद्याकडे दाखवायची वेळ घेतली. दाढ पुरती वर आली की तिच्या खाचांवर सीलंट नावाचा पातळ लेप लावतात. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांचं काम. तोवर ब्रश त्या दाढेवर आडवा धरून, गालाच्या बाजूनं आत नेऊन, आईनं किंवा बाबांनी स्वतः घासायचा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश देऊन मोकळं होऊ नये. टूथपेस्ट फ्लोराइडची हवी. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा मटाराच्या दाण्याएवढी. त्याहून जास्त नको.

आणि आपल्या इंदूरकरांसाठी खास. रात्री दहाला सराफ्यात जायला माझी ना नाही, मीही जाते. पण झोपेत लाळ कमी होते आणि तोंड धुऊन काढणारी तीच तर असते. गरम जिलबी नाही तर रबडी खाऊन मूल गाडीतच पेंगलं की रात्रभर साखर त्या खाचांत बसते. घरी आल्यावर उठवा, दात घासा, मग झोपवा. तो रडेल, आजी रागावतील. रागावू द्या.

तुमच्या घरात पाच ते सात वर्षांचं मूल असेल तर हा अंक वाचून झाल्यावर एक काम करा. त्याला उजेडात बसवा, आ करायला सांगा आणि वर-खाली, दोन्ही बाजूंना मोजा. सहावा दात सापडला तर ती कायमची दाढ आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. आजी-आजोबांना आधी. बारा वर्षांच्या सुमारास तिच्याही मागे सातवी येते, तीही अशीच गुपचूप. तेव्हा पुन्हा एकदा टॉर्च काढा.

पुढच्या महिन्यात अक्कलदाढेबद्दल. ती काढावी की ठेवावी, असं विचारणाऱ्या बऱ्याच मेल साठल्या आहेत.