लॉरीवरचा माणूस

टाटांची ती लांब नाकाची लॉरी आम्ही लहानपणी पाहिली. मर्सिडीज-बेंझच्या साहाय्याने १९५४ पासून ती जमशेदपूरला तयार होऊ लागली. कसारा घाट चढताना तिची घरघर दूरवर ऐकू यायची. स्टिअरिंग एवढे जड, की वळणावळणावर ड्रायव्हरचे खांदे भरून येत. चढावर गाडी थांबली की क्लिनर उडी मारून चाकाखाली दगड लावी. आपल्या समाजाला तर ट्रक विसरताच येणार नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा मुंबईत ट्रकवरूनच निघाली होती.

गाड्यांची आठवण गोड वाटते. पण चालवणाऱ्याचे काय? बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारा कायदा झाला. मोटार कामगारांसाठी तसा कायदा यायला १९६१ साल उजाडले. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास. परंतु पाचपेक्षा कमी कामगारांच्या धंद्याला तो आपोआप लागू नव्हता. एक लॉरी, एक ड्रायव्हर, एक क्लिनर. अशा ठिकाणी कायदा पोहोचलाच नाही. दोघांनी रात्री जागून काढल्या आणि म्हातारपणी हात रिकामेच राहिले.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत असा एखादा जुना ड्रायव्हर असेल. येत्या रविवारी त्याला विहारात बोलवा, बोलते करा, मुलांना ऐकू द्या. आणि घरातला मुलगा आज ट्रकवर असेल, तर पगाराआधी त्याला विचारा : नेमणुकीचा कागद मिळाला का? झोप किती मिळते?

जयभीम!