पंखा किती खोल?

होडीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : इंजिन किती एचपीचं? दुसरा : कितीला पडलं? ते होडीच्या मागच्या फळीवर किती उंच बसवलंय, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझं मत असं (घरात ते फारसं कुणाला पटत नाही), की आउटबोर्ड इंजिनाच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच हवा. एचपी नंतर.

कारण साधं आहे. या होडीला वेगळं सुकाणू नसतं. पंखा पाणी मागे ढकलतो, आणि आपण अख्खं इंजिन फिरवून त्या ढकलण्याची दिशा बदलतो, म्हणून होडी वळते. म्हणजे पंख्याची पाण्यावरची पकड सुटली की नुसता वेग जात नाही, वळणंही जातं. रस्त्यावर गाडीचा ॲक्सिलरेटर बिघडला तर निदान स्टिअरिंग हातात राहतं. इथे दोन्ही एकदम.

पंख्याच्या वर एक आडवी सपाट पट्टी असते. तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. खरं तर ते नाव चुकीचं आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यांवरचा दाब इतका उतरणं की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे धरतात. ही पट्टी त्यासाठी नाहीच. वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये म्हणून ती असते, त्याला व्हेंटिलेशन म्हणतात. असो, नाव काही का असेना, मोजायचं ते तिच्यापासून. होडी किनाऱ्यावर सपाट उभी करायची, तळाला सरळ पट्टी लावून ती मागे इंजिनापर्यंत न्यायची, आणि इंजिन सरळ उभं ठेवून बघायचं की प्लेट तळाच्या रेषेत आहे, वर आहे की खाली. पाण्यावर उचलून धावणाऱ्या होडीला प्लेट तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर, इथून सुरुवात करतात. इंजिन फळीपासून मागे ब्रॅकेटवर असेल तर साधारण दर दहा-बारा इंचांना आणखी एक इंच वर चालतं, कारण होडीमागून निघालेलं पाणी तिथे वर येतं. वजनदार, संथ होडी पाण्यावर उचलली जातच नाही, तिला प्लेट थोडी खालीच बरी.

आता प्रत्यक्षातली गोष्ट. माझा मामेभाऊ देवबागला, कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, पर्यटकांना फिरवतो. गेल्या सीझनला त्याचा फोन आला, "दादा, पंखो बदलूक व्हयो. इंजिन बोंबलता, पण होडी वळणा नाय." कधी वळत नाही? तर डॉल्फिन दिसला की! मला हसू आलं, पण त्याचं खरं होतं. डॉल्फिन दिसला की सगळी मंडळी मोबाइल घेऊन नाळेकडे सरकतात. पुढचा भाग दबतो, मागचा उचलला जातो, आणि नेमकं तेव्हाच त्याला होडी वळवायची असते. पंखा हवा ओढतो, इंजिनाचे फेरे एकदम चढतात, आणि होडी आपली सरळच निघते. मुखाशी नदीचा ओढ आणि समुद्राची लाट समोरासमोर असतात. तिथे आठ-दहा माणसं घेऊन, त्यात लहान मुलं, पाच सेकंद होडी हातात नसणं हा काही गमतीचा मामला नाही.

मे महिन्यात गेलो तेव्हा टेप लावली. प्लेट तळाच्या वर चांगली अडीच इंच! क्लॅम्पखाली कुणीतरी लाकडाचा ठोकळा घातलेला होता. का, तर ओहोटीला पंखा वाळूला लागू नये. कारण अगदीच वेडगळ नव्हतं. पण चार-सहा महिने हा माणूस नवा पंखा, नंतर मोठं इंजिन, असे लाखभराचे हिशोब करत होता आणि खोट होती दोन इंचांच्या लाकडात. ठोकळा काढला, स्क्रू आवळले, आणि चार पोरांना मुद्दाम नाळेवर बसवून पाण्यात वळणं घेऊन पाहिली. वळली.

उलटा प्रकारही तितकाच दिसतो. इंजिनाच्या पायाची लांबी आणि फळीची उंची जुळायला लागते : साधारण १५, २० आणि २५ इंच अशी मापं असतात. स्वस्तात मिळालं म्हणून २० इंची इंजिन १५ इंची फळीवर टांगलं की पाच इंच जास्त लोखंड पाण्यातून ओढत फिरायचं. वेग कमी, पेट्रोल जास्त, मागे फवारा. मग म्हणायचं, कंपनीचा ॲव्हरेज खोटा.

तरुण मंडळींना वेगासाठी इंजिन वर घ्यायची हौस असते. वर घेतलं की ओढ कमी होऊन वेग वाढतो, हे बरोबरच आहे. पण थंड पाणी आत घ्यायची भोकं खालच्या गिअरकेसवर असतात. ती हवेत आली की इंजिन तापतं. मागची पाण्याची पिचकारी बारीक झाली तर थांबायचंच, मात्र ती चालू आहे म्हणून सगळं ठीक असंही नाही. आणखी एक : प्लेटखाली असलेला छोटा तिरका पंख, जो एका बाजूची ओढ सावरतो, तो पाण्याबाहेर आला की निरुपयोगी. मग हँडल सतत एकीकडे खेचत राहतं आणि संध्याकाळी खांदा दुखतो.

माझा आग्रह इतकाच की उंची ठरवायची ती भरलेल्या होडीवर, लाटेत, माणसं चुकीच्या जागी बसलेली असताना. रिकाम्या होडीत सकाळच्या शांत खाडीत सगळीच इंजिनं छान चालतात. एका वेळी अर्धा-पाऊण इंच बदलायचं, पुन्हा पाण्यात जायचं.

मामेभाऊ अजून कुरकुरतो. ओहोटीला आता इंजिन तिरकं उचलून हळूहळू जावं लागतं, दिवसाची एखादी फेरी कमी होते. कुरकुरू दे.