हेराचं पुस्तक आणि आपली सोय

ग्रॅहम फुलर या अमेरिकन लेखकाचं नाव आपल्या लोकांत दोन प्रसंगी निघतं. त्यांच्या ‘अ वर्ल्ड विदाउट इस्लाम’ या २०१० सालच्या पुस्तकाचा दाखला द्यायचा असला की वक्ता आवाज चढवतो, “हे मी म्हणत नाही, खुद्द सीआयएचा माणूस म्हणतोय!” आणि त्याच फुलरचं एखादं अडचणीचं विधान कुणी समोर ठेवलं की तोच वक्ता हात झटकतो, “सोडा हो, सीआयएचा माणूस आहे तो.” बिल्ला एकच. सोयीचा असला की सनद, गैरसोयीचा असला की डाग. सीरतच्या जलशांत, शिक्षकांच्या शिबिरांत, लग्नाच्या पंगतीत मी हे दोन्ही सूर ऐकले आहेत, आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्याने पुस्तक उघडलेलंही नसतं.

म्हणून आधी माणूस पाहू. फुलर यांचा जन्म १९३७ चा. हार्वर्डमध्ये रशियन आणि मध्यपूर्वेचा अभ्यास केला आणि पुढे सीआयएत गेले. तुर्कस्तान, लेबनॉन, सौदी अरेबिया, येमेन, अफगाणिस्तान, हाँगकाँग अशा ठिकाणी नोकरी झाली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काबूलमध्ये ते सीआयएचे स्टेशन चीफ होते. १९८० च्या दशकात वॉशिंग्टनला परतून नॅशनल इंटेलिजन्स कौन्सिलचे उपाध्यक्ष झाले. हे कौन्सिल म्हणजे सगळ्या गुप्तचर खात्यांची माहिती एकत्र करून राष्ट्राध्यक्षांसाठी भविष्याचा अंदाज लिहिणारं मंडळ. १९८८ मध्ये सरकारी नोकरी सोडून ते रँड कॉर्पोरेशनमध्ये संशोधक म्हणून गेले, तिथे बारा वर्षं काढली, आणि पुढे कॅनडात व्हँकुव्हरच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात इतिहासाचे मानद प्राध्यापक झाले. हेर, संशोधक, मास्तर असा हा एका माणसाचा प्रवास.

एक गोष्ट मला भाषेचा शिक्षक म्हणून सांगितलीच पाहिजे. १९८७ साली याच फुलरनी परकी भाषा कशी शिकावी यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. तुर्की, अरबी, रशियन, चिनी अशा भाषा त्यांनी नोकरीत कमावल्या. आपल्याकडे दहावीला उर्दू शंभरपैकी शंभराची सोय म्हणून घेतात आणि अकरावीला सोडून देतात. ते लोक आपल्या भाषा पोटासाठी शिकतात, आपण मात्र त्या पोटासाठी सोडतो. हा फरक नुसता हळहळून सोडून देण्यासारखा नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडतं.

आता त्यांच्या नोकरीतलं एक काम पाहा. मे १९८५ मध्ये फुलर यांनी सीआयएचे प्रमुख विल्यम केसी यांना इराणवर एक टिपण पाठवलं. खोमेनींची राजवट डळमळते आहे, रशिया तिथे घुसेल, आपल्या हातात एकही पत्ता नाही, तेव्हा मित्रराष्ट्रांना इराणला शस्त्रं विकू द्यावीत, असा त्याचा आशय. हे टिपण पुढे टॉवर आयोगाच्या १९८७ च्या अहवालातून जगासमोर आलं, कारण तोवर इराण-काँट्रा प्रकरण फुटलं होतं. रशिया इराणमध्ये घुसलाच नाही. शस्त्रं मात्र गेली. तेव्हा इराण-इराक युद्ध चालू होतं आणि दोन्ही बाजूंनी मरणारे कोण होते हे सांगायला नको. टिपण एकट्या फुलरचं होतं म्हणून शस्त्रं गेली असं मी म्हणत नाही. निर्णय वरच्यांनी घेतला. पण अंदाज चुकला तरी अंदाज लिहिणाऱ्याची कारकीर्द थांबत नाही, तो संशोधक होतो, हे ध्यानात ठेवावं.

रँडचंही थोडं समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाच्या प्रकल्पातून निघालेली आणि १९४८ मध्ये स्वतंत्र झालेली ही संस्था. नफा कमावणारी नाही, पण संरक्षण खातं तिचं मोठं गिऱ्हाईक. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण लिहायला शिकवताना एक गोष्ट घोकून घेतली होती: प्रश्न जसा विचाराल तसं उत्तर मिळेल. रँडमधला प्रश्न ठरलेला असतो: अमेरिकेने काय करावं? याच संस्थेच्या शेरिल बेनार्ड यांनी २००३ मध्ये जगभरच्या मुसलमानांची चार खान्यांत वाटणी केली: मूलतत्त्ववादी, परंपरावादी, आधुनिकतावादी आणि धर्मनिरपेक्ष. कोणाला बळ द्यायचं, कोणाला कोणाविरुद्ध उभं करायचं, हेही त्यात आहे. माझे आब्बा यातल्या कुठल्या खान्यात बसतात? पाच वक्तची नमाज, मुलींना कॉलेजात पाठवण्याचा हट्ट, मोहल्ल्यातल्या मौलानांशी कायमचा वाद आणि गणपतीत आरास बघायला जाण्याची हौस. खाने त्यांच्यासाठी केलेलेच नाहीत. ते ज्याला पैसे वाटायचे आहेत त्याच्या सोयीचे आहेत.

फुलर या खान्यांपेक्षा बरेच शहाणे. २००३ च्या त्यांच्या ‘द फ्यूचर ऑफ पोलिटिकल इस्लाम’मध्ये इस्लामवादी पक्षांना एका रंगात रंगवू नका, त्यांच्याशी बोला, असा सूर आहे. आणि ज्या पुस्तकावर आपले लोक खूश, त्याचा मुद्दा असा की इस्लाम जन्मालाच आला नसता तरी मध्यपूर्व आणि पश्चिम यांचं भांडण झालंच असतं. व्यापार, जमीन, वंश, साम्राज्यं, तेल ही कारणं तशीच राहिली असती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनीच रोमविरुद्धचा झेंडा धरला असता.

टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा. हा माणूस आपली बाजू घेत नाही, तो म्हणतो तुमचा दीन असला काय, नसला काय, हिशोब तोच. चौदाशे वर्षांचा ईमान, फिकह, तसव्वुफ, खैरात, वक्फ हे सगळं म्हणजे भांडणावर चिकटवलेलं लेबल! ज्याला अल्लाहचं कलाम आयुष्य बदलतं असं वाटतं त्याने या प्रशस्तिपत्राने हुरळून जावं हे मला नवलाचं वाटतं. मला वाटतं हा निष्कर्ष फुलर यांच्या टेबलातूनच आला. ज्या टेबलावर तीस वर्षं नकाशे, पाइपलाइनी आणि पलटणी मांडल्या गेल्या, तिथे बसणाऱ्याला धर्म हा झेंड्याचा रंगच दिसणार. म्हणून तो निष्कर्ष खोटा ठरत नाही, अर्धा ठरतो. आणि तो अर्धा आहे हे दाखवायला इतिहास वाचावा लागतो, नुसतं ‘सीआयए’ म्हणून भागत नाही.

‘एकदा हेर तो कायमचा हेर’ म्हणणाऱ्यांना २०१७ चं उदाहरण फार आवडतं. फुलर यांनी फेतुल्लाह गुलेन यांच्या अमेरिकेतल्या वास्तव्याच्या अर्जासाठी त्यांच्या बाजूने पत्र दिलं होतं. २०१६ च्या बंडाच्या प्रयत्नानंतर तुर्कस्तानच्या सरकारी वकिलांनी डिसेंबर २०१७ मध्ये फुलरविरुद्ध अटक वॉरंट काढलं. फुलर यांनी आरोप नाकारला. आपल्या वक्त्यांनी मात्र वॉरंट हाच निकाल मानला. ज्या समाजातली पोरं नुसत्या आरोपावर वर्षानुवर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटतात, त्या समाजाने तरी आरोप आणि पुरावा यांतला फरक विसरू नये.

दुसरा माणूस बघा, मार्क सेजमन. अमेरिकी नौदलात डॉक्टर, मग सीआयए. १९८७ ते १९८९ इस्लामाबादेत बसून ते अफगाण मुजाहिदीनांचं काम पाहत होते. नंतर मानसोपचारतज्ज्ञ झाले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवलं. २००४ मध्ये त्यांनी अल कायदाशी जोडलेल्या १७२ जणांची माहिती जमवून पुस्तक लिहिलं. त्यातून दिसलं की बहुतेक जण मदरशात नव्हे तर साध्या शाळा-कॉलेजांत शिकलेले होते, आणि त्या वाटेला लागले ते दोस्ती आणि नात्यागोत्यातून. मदरसा म्हणजे दहशतीचा कारखाना, या गावभर फिरणाऱ्या समजुतीला याहून मोठा तडाखा आपल्या कुठल्या संस्थेने दिला आहे? आणि ही माहिती कोर्टाचे कागद, बातम्या अशा उघड साधनांतून आलेली, म्हणून तपासता येते. फुलर लिहितात तेव्हा पुष्कळदा ‘मी तिथे होतो’ हाच आधार असतो. होते, कबूल. पण त्यांची फाइल आपल्याला दिसत नाही. हेर-प्राध्यापकाला विचारायचा खरा प्रश्न हा आहे. तू कोण होतास हे कळलं, आता तुझा कागद दाखव.

सेजमन यांच्या पुढच्या पुस्तकावर २००८ मध्ये ब्रूस हॉफमन यांनी ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये सडकून टीका केली. हॉफमनही रँडमधून जॉर्जटाउन विद्यापीठात आलेले. वाद मोठा रंगला. भांडणारे दोघंही त्याच वाटेवरचे आणि भांडणाचा विषय आपण. बोलायला आपल्यातलं कुणी नव्हतं.

हा अनुभव मराठी मुलखाला नवा नाही. जेम्स ग्रँट डफ हा ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला कंपनीचा राजकीय अधिकारी म्हणून बसला, दरबाराची दप्तरं पाहिली आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. सत्तेचा माणूसच अभ्यासक झाला. मराठी माणसाने काय केलं? ‘इंग्रजांचा एजंट’ म्हणून पुस्तक फेकलं नाही. १८६७-६८ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने डफवर टीका लिहिली, त्याच्या चुका मुद्देसूद दाखवल्या. पुढे राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवर चढून कागद गोळा करत फिरले. १८९८ पासून साधनांचे बावीस खंड निघाले, १९१० मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांच्या सगळ्या मतांशी माझं जमत नाही, मुसलमानांविषयीच्या तर मुळीच नाही. पण डफला उत्तर द्यायची रीत त्यांचीच खरी. आणि त्या इतिहासाची फारसी साधनं मराठीत आणायला सेतुमाधवराव पगडी फारसी शिकले. ज्यांच्या घरात आजोबांच्या वेळची फारसी पुस्तकं कपाटात वाळवी खात पडलेली, ते आपण काय करत होतो?

उलट आपण दारं बंद करतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आयपीएसमध्ये मुसलमान ४ टक्के आणि परराष्ट्र सेवेत १.८ टक्के होते, लोकसंख्येत १३.४ टक्के असताना. इंटेलिजन्स ब्युरोला पहिला मुसलमान प्रमुख मिळाला तो २०१३ मध्ये, सय्यद आसिफ इब्राहिम. याला सरकारचा संशय कारण आहेच, मी ते लपवत नाही. शिवाय मे २०२१ मध्ये पेन्शनचे नियम बदलून गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतल्या निवृत्तांनी खात्याच्या विषयावर परवानगीशिवाय काही छापू नये असं ठरलं. म्हणजे आपल्या देशात फुलरसारखा माणूस हिंदू असो की मुसलमान, वर्गात उभा राहून मोकळं बोलणं कठीणच. पण विद्यापीठाचं दार तरी उघडं आहे. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग कित्येक वर्षांपासून चालतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने राज्यशास्त्रात बी.ए. केल्यावर तिथे अर्ज करायचं ठरवलं. उर्दू उत्तम, मराठी माझ्याहून शुद्ध, अरबी वाचता येते. तिच्या मामूंनी मला घरी बोलावून घेतलं. “सर, तुम्हीच समजवा. तिथे जाऊन काय करणार, लोकांची मुखबिरी? मोहल्ल्यात तोंड कसं दाखवायचं? आणि उद्या तिच्यावरच कुणी नजर ठेवली तर?” हेच मामू महिन्याभरापूर्वी मशिदीबाहेर उभे राहून फुलरचं पुस्तक कसं डोळे उघडणारं आहे ते सांगत होते. मी त्यांना म्हणालो, मामू, त्या पुस्तकाचं उत्तर तुमच्या घरातली पोरगी लिहू शकते, पण तुम्हाला ते व्हँकुव्हरहून आलेलंच हवंय. शेवटची भीती मात्र मला उडवून लावता आली नाही, ती खरी आहे. मी एवढंच सांगितलं की नजर न शिकलेल्यांवरही असतेच. ते गप्प झाले, पटलं नाही. तिने अर्ज भरला आहे. फीचे पहिले पैसे आम्ही तीन शिक्षकांनी मिळून द्यायचं ठरवलं आहे.