व्यवसायस्थ सर्जकांचे पदव्युत्तर शिक्षण : बीड जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

बीड जिल्ह्यातून मराठी विषयात एम. ए. करू पाहणाऱ्यांमध्ये एक वर्ग असा आहे की, ज्याचा विचार विद्यापीठीय अभ्यासक्रमांनी आजवर गांभीर्याने केलेला दिसत नाही. हा वर्ग भाषेवरच जगतो. जिल्हा दैनिकातील उपसंपादक, आकाशवाणीसाठी नैमित्तिक निवेदन करणारा निवेदक, सप्ताहांतून फिरणारा कीर्तनकार, तमाशाच्या फडासाठी वग लिहिणारा लेखक, मुंबई-पुण्याच्या मालिकांना संवाद पुरविणारा तरुण, शाहीर, जाहिरातींचा मजकूर रचणारा छापखान्याचा चालक हे सारे या वर्गात मोडतात. ब्रिटनमध्ये १९९८ पासून अशा व्यवसायांना ‘सर्जनशील उद्योग’ असे एकत्रित नाव देऊन त्यांची शासकीय मोजदाद होऊ लागली. आपल्याकडे नाव नवे असले तरी व्यवसाय जुनेच आहेत. प्रश्न असा आहे की, ही मंडळी पदव्युत्तर शिक्षणासाठी येतात तेव्हा विद्यापीठ त्यांच्याकडून नेमके काय मागते?

ते प्रथम मागते ती उपस्थिती. ७५ टक्के उपस्थितीचा नियम आणि सत्रांत परीक्षांचे वेळापत्रक ही दोन्ही पूर्णवेळ विद्यार्थ्याला समोर ठेवून घडलेली आहेत. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि अक्षय्य तृतीया-बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. हिवाळी व उन्हाळी या दोन्ही परीक्षा त्या हंगामाच्या पोटात येतात. कीर्तनकाराचे वर्ष चातुर्मास, सप्ताह आणि वाऱ्या यांनी बांधलेले असते. बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर, अंबाजोगाईहून दोनशेच्या वर. हे अंतर रोज कापणे कोणालाच शक्य नाही, आणि महाविद्यालय गावातच असले तरी दुपारच्या तासाला बसणारा उपसंपादक रात्रीच्या पाळीनंतर कोणत्या अवस्थेत असतो हे अध्यापकांना ठाऊक आहे. वेळापत्रक बदलता येत नाही असे मात्र नाही. याच जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर होते आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना राबविली. उसाच्या फडाकडे पाहून प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था वाकविता येते. तमाशाच्या फडासाठी पदव्युत्तर शिक्षणाची वाकविता येणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

यावर कोणी म्हणेल की, लवचिक शिक्षण मराठवाड्याला नवे नाही. बहिःस्थ परीक्षार्थी म्हणून अर्ज भरून एम. ए. झालेल्या शिक्षकांच्या कित्येक पिढ्या येथे आहेत. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन त्याने काम केले आणि एके काळी दहावी न झालेल्यांसाठीही पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट खुली केली. या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बहिःस्थ पद्धतीने स्थळ आणि काळ यांची अट सैल केली, अभ्यासाचे स्वरूप तेच ठेवले. परीक्षार्थी आपले काम करीत राहिला, फावल्या वेळात गाइड वाचली आणि तीन तासांत उत्तरपत्रिका लिहिली. त्याच्या कामाचा आणि त्याच्या पदवीचा परस्परांना स्पर्शही झाला नाही. कामाच्या बरोबरीने होणारे शिक्षण आणि कामातून होणारे शिक्षण यांतील हा भेद मूलभूत आहे. तो न पाहता केलेली लवचिकतेची चर्चा केवळ सोयीची चर्चा ठरते.

संगीताच्या क्षेत्राने हा भेद फार पूर्वी ओळखला. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारा विद्यार्थी कोणत्याही गावी, कोणत्याही गुरूजवळ शिकला तरी त्याला परीक्षकासमोर बसून गावे किंवा वाजवावे लागते. पुणे विद्यापीठात १९८७ साली सुरू झालेल्या ललित कला केंद्राने तर ‘गुरुकुल’ हा शब्दच आपल्या नावात घेतला. वारकरी संप्रदायाचे उदाहरण याहून बोलके आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदी येथे स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. तेथे पाठांतर आणि ग्रंथाध्ययन होतेच, पण विद्यार्थी टाळकरी म्हणून उभा राहत राहत कीर्तनकार होतो. भाषा आणि साहित्य या विषयांत मात्र प्रात्यक्षिक नाही. अनेक विद्यापीठांत ‘उपयोजित मराठी’ ही अभ्यासपत्रिका आहे. तीत वृत्तलेखन, जाहिरातलेखन, संवादलेखन शिकविले जाते. ज्याने एकही जाहिरात लिहिलेली नाही असा अध्यापक ते शिकवितो आणि ज्याने शेकडो लिहिल्या तो समोर बसून टिपून घेतो, ही विसंगती आता कोणाला खटकेनाशी झाली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीने ही विसंगती आणखी उघडी पाडली. महाराष्ट्रात २०२३ पासून आलेल्या पदव्युत्तर आराखड्यात दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी ४ श्रेयांक ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा क्षेत्रीय प्रकल्प यांसाठी आहेत. म्हणजे १२० तास. मराठीचा विद्यार्थी यासाठी बहुधा एखाद्या वृत्तपत्राच्या कचेरीत जातो. त्याच कचेरीत दहा वर्षे काम केलेला उपसंपादक एम. ए. ला प्रवेश घेईल तर त्यालाही प्रशिक्षण दाखवावे लागेल. इतरांच्या प्रमाणपत्रांवर एरवी तोच सही करीत असेल. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला औपचारिक पदवीचा आग्रह न धरता ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमता येते, आणि २०२३ साली स्थानिक कलावंत व कारागीर यांना निवासी कलावंत म्हणून बोलाविण्याच्या सूचनाही आल्या. कीर्तनकार विद्यापीठात येऊन शिकवू शकतो, पण शिकू म्हणाला तर त्याने आपली वीणा दाराबाहेर ठेवून यावे, असा याचा अर्थ होतो.

या प्रश्नाची खरी तीव्रता मात्र नियमांत नाही, ती मराठी संशोधनाच्या सवयीत आहे. प्रभाकर मांडे यांनी मराठवाडा विद्यापीठात राहून लोकसाहित्याच्या अभ्यासाला जी शिस्त दिली, तिच्यामुळे या प्रदेशातील प्रयोगरूप कला विद्यापीठीय चर्चेत आल्या. ती परंपरा पुढे नेणाऱ्या प्रबंधांची संख्या मोठी आहे. परंतु या प्रबंधांतून लोककलावंत येतो तो ‘निवेदक’ म्हणून, परिशिष्टातील नावाच्या रूपाने किंवा ऋणनिर्देशाच्या ओळीत. त्याच्या तोंडून सामग्री घ्यायची आणि तिचा अर्थ दुसऱ्याने लावायचा, ही श्रमविभागणी आपण स्वाभाविक समजतो. ज्याच्याकडे कला आहे त्यालाच चिकित्सेची साधने मिळाली तर तो काय पाहील, हा प्रश्न विचारलाच गेलेला नाही.

तो काय पाहू शकेल याची कल्पना करणे कठीण नाही. कीर्तनकाराला शेकडो अभंग मुखोद्गत असतात. त्याच्या मुखातील पाठ कोणत्या गाथेचा? तुकोबांच्या अभंगांची १८६९ व १८७३ साली दोन भागांत निघालेली इंदुप्रकाश छापखान्याची प्रत, १९५० ची शासकीय प्रत, देहूकर परंपरेची गाथा आणि त्याच्या गुरूने सांगितलेला पाठ यांत जिथे फरक पडतो तिथे त्याने कोणता स्वीकारला आणि का, हे त्याने लिहून दाखविले तर तो पाठचिकित्सेचा उत्तम अभ्यास होईल. एकाच अभंगाचे निरूपण त्याने दहा गावांत केले असेल. गहिनीनाथगडाच्या परिसरातील श्रोता आणि परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतील श्रोता यांच्यापुढे त्याचे दृष्टान्त बदलले का? चाल कुठे लांबली, विनोद कुठे आला? आता बहुतेक कीर्तने ध्वनिचित्रमुद्रित होऊन यूट्यूबवर जातात, त्यामुळे पुरावाही त्याच्या हाताशी आहे. बाहेरच्या संशोधकाला दहावे निरूपण दिसते. पहिल्या नऊ वेळा काय वगळले हे केवळ कर्त्याला माहीत असते.

हीच गोष्ट संवादलेखकाची. मराठवाडी बोली मालिकेत येते तेव्हा तिची धार बोथट होते, ही तक्रार नेहमीची आहे, पण ती नेमकी कोणत्या टप्प्यावर होते याचा अभ्यास नाही. पहिला खर्डा, दिग्दर्शकाने सुचविलेले बदल, नटाने प्रत्यक्ष उच्चारलेले वाक्य आणि प्रक्षेपित झालेला प्रसंग या चार अवस्था लेखकाच्या संग्रही असतात. निर्मितिप्रक्रियेवर मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले, तथापि ते बरेचसे कवींच्या आत्मकथनांवर विसंबून. खर्ड्यांवर उभा राहिलेला अभ्यास अपवादानेच आढळतो.

आक्षेप येणारच. अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे आणि वीस वर्षे वाईट मराठी लिहिणाऱ्याला वीस वर्षांचे श्रेयांक द्यायचे काय, असे विचारले जाईल. हा आक्षेप रास्त आहे. ब्रिटनमधील मिडलसेक्स विद्यापीठाने १९९३ च्या सुमारास कार्याधारित शिक्षणाचे स्वतंत्र केंद्र उभारले तेव्हा तेथेही श्रेय अनुभवाला द्यावयाचे नसून अनुभवातून निष्पन्न झालेल्या आणि दाखविता येणाऱ्या अध्ययनाला द्यावयाचे, हे तत्त्व धरले गेले. मराठी विभागाने याहून कडक राहावे. कीर्तन केले म्हणून गुण नाहीत. त्या कीर्तनाच्या पाठनिर्णयाची चिकित्सा केली तर गुण. साहित्यशास्त्र आणि भाषाविज्ञान या अभ्यासपत्रिकांत कोणतीही सूट असू नये, कारण नेमकी तीच साधने घेण्यासाठी हा विद्यार्थी आलेला असतो. एक गोष्ट मात्र परदेशातून उचलू नये. तिकडे विद्यार्थी, विद्यापीठ आणि मालक असा त्रिपक्षीय करार करण्याची रीत आहे. जिल्हा दैनिकाचा मालक पुष्कळदा राजकारणातही असतो. त्याची सही लागणार असेल तर उपसंपादक आपल्याच पत्राच्या निवडणुकीतील मथळ्यांवर प्रामाणिक निबंध कधीच लिहिणार नाही.

तमाशातील अनेक गुणी लेखक-कलावंत पदवीधर नाहीत, त्यांच्यासाठी एम. ए. चे दार यानेही उघडणार नाही, हे मान्य करावे लागते. तो पदवीपूर्व स्तरावरचा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. जे पदवीधर आहेत त्यांच्यासाठी मात्र फारशा नव्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही. २०२२ च्या नियमांनी एम. फिल. बंद झाल्यापासून एम. ए. चा संशोधन प्रकल्प हीच लहान आवाक्याच्या संशोधनाची जागा उरली आहे. आराखड्यात तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक या प्रकल्पाला आहेत. त्यांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चे ४ मिळविले तर १४ होतात. हे १४ श्रेयांक व्यवसायस्थ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाच्या चिकित्सेसाठी सलग धरावेत, प्रकल्पाची मुदत त्याच्या हंगामाबाहेर पावसाळ्यात यावी आणि मौखिक परीक्षेला दोन परीक्षकांपैकी एक त्या व्यवसायातला असावा, अशी शिफारस करणे अभ्यास मंडळाला अशक्य नाही. मौखिक परीक्षा विभागाच्या खोलीतच झाली पाहिजे असेही नाही. कीर्तन ऐकून, तेथेच मंडपात बसून, अभंगाच्या तिसऱ्या चरणातील पाठाविषयी प्रश्न विचारता येतो.