विस्मृत भक्तिगीते आणि श्रोत्यांची वर्गणी

मार्गशीर्षातील गुरुवार आणि नाताळ पुष्कळदा जवळजवळ येतात. त्या निमित्ताने ख्रिस्ती भक्तिसंगीतात रूढ होत चाललेल्या एका प्रथेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. विस्मरणात गेलेली एखादी ध्वनिमुद्रिका तिच्या चाहत्यांनीच आगाऊ वर्गणी भरून पुन्हा काढवून घ्यावयाची, अशी ही प्रथा होय. 2009 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘किकस्टार्टर’चा नियम साधा आहे : ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम जमली तरच पैसे घेतले जातात, एरवी कोणाचाही रुपया अडकत नाही.

ही गीते विस्मृतीत का गेली? 1970 च्या सुमारास काही तरुण गायकांनी येशूची गीते रॉक संगीताच्या चालीवर बांधली. चर्चमधील वडीलधाऱ्यांना ते ढोल व गिटार असभ्य वाटले. बाजाराला येशूचे नाव अडचणीचे वाटले. काही तबकड्या जेमतेम शेकड्यांनी निघाल्या आणि माळ्यावर गेल्या. लॅरी नॉर्मन याची 1972 सालची ‘ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट’ ही ध्वनिमुद्रिका मात्र पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहाच्या 2013 सालच्या यादीत समाविष्ट झाली. इतरांचे रक्षण केवळ चाहत्यांनी केले.

हे सारे परदेशी वाटेल. पण मराठीला हा अनुभव फार जुना आहे. इंग्लंडातून 1579 साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली रोमन लिपीत छापले गेले, 1649 व 1654 साली पुन्हा छापले गेले. परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे, जी श्रद्धाळूंनी नकलून जपली आणि भक्तिभावाने वाचली. 1907 साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी त्याची रोमन लिपीतील आवृत्ती काढली. देवनागरी आवृत्ती मात्र आपल्या पुण्यातच, 1956 साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली निघाली. आणि प्रकाशक कोण, तर हिंदू धर्मपर साहित्यासाठी घरोघरी परिचित असलेले प्रसाद प्रकाशन! आम्हांस ही गोष्ट त्या ग्रंथाइतकीच मोलाची वाटते. ओवी ज्ञानदेवांची, म्हणून ती ज्यात आली तो ग्रंथ परका नव्हे, एवढी समज त्या पुण्यात होती.

मग आपल्या कीर्तनांचे काय? जुन्या लाखेच्या तबकड्या तडकत आहेत, फिती चिकटत आहेत. आम्हांस वाटते, एखाद्या मंदिराच्या उत्सव समितीने किंवा भजनी मंडळाने वर्गणीचा हाच मार्ग धरण्यास हरकत नाही. मात्र कायदा आधी पाहावा. 1957 च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. त्यापुढील तबकडी पुन्हा काढता येते. गीतकार व संगीतकार यांचा हक्क निराळा असून तो त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. तेव्हा संतांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे असले, तरी चाल बांधणाऱ्याच्या वारसांची परवानगी घ्यावी लागेल, आणि वर्गणीचा हिशेब मांडताना त्यांचा वाटा आधी बाजूला काढावा लागेल.