स्वस्त डब्याची किंमत वस्ती मोजते

मानखुर्दसारख्या वस्तीत माणूस कंपनीचे नाव पाहून नेट घेत नाही. इमारतीत ज्या केबलवाल्याची वायर आली आहे, त्याचेच घेतो. वायर त्याची, दर त्याचा, आणि त्याने आपल्या खोलीत कोणत्या कंपनीची यंत्रे बसवली आहेत हे कुणी विचारतही नाही. पण शिष्यवृत्तीचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरला जाणार की नाही, घरून शिलाईच्या ऑर्डर घेणाऱ्या बाईचे पेमेंट वेळेवर येणार की नाही, हे बरेचसे त्या यंत्रांवर ठरते. म्हणून यंत्रे कुणाची घ्यायची हा एकट्या केबलवाल्याचा खासगी प्रश्न नाही. तो वस्तीचाही प्रश्न आहे.

आधी रचना समजून घेऊ. केबलवाल्याच्या खोलीत एक मुख्य यंत्र असते, त्याला ओएलटी म्हणतात. त्यातून फायबर निघते, वाटेत स्प्लिटरने तिच्या शाखा होतात आणि प्रत्येक घरात एक छोटा डबा, म्हणजे ओएनयू, लागतो. जीपॉन पद्धतीत ओएलटीच्या एका पोर्टवर साधारण 64 घरे जोडतात आणि सुमारे अडीच गिगाबिटचा वेग ती सगळी वाटून घेतात. जीपॉनचे मानक आंतरराष्ट्रीय आहे, त्यामुळे कागदावर कोणताही ओएनयू कोणत्याही ओएलटीवर चालायला हवा. प्रत्यक्षात दुसऱ्या कंपनीचा डबा लावला की कधी वायफायचे सेटिंग दुरून बदलता येत नाही, कधी फर्मवेअर अपडेट होत नाही, कधी डबा नोंदच घेत नाही. म्हणजे ओएलटी एकदा घेतला की पुढच्या अनेक वर्षांची खरेदी त्याच कंपनीकडे बांधली जाते. लग्न एका दिवसाचे, संसार पुढे कित्येक वर्षांचा.

तरीही व्यवहार बहुधा एकाच प्रश्नावर ठरतो: "कितीला देतोस?" हाच हिशेब थोडा लांबवून पाहू. समजा, 500 घरांचा केबलवाला आहे. बरा ओएलटी स्वस्तापेक्षा 80 हजारांनी महाग आणि प्रत्येक ओएनयू 300 रुपयांनी महाग आहे. एकूण फरक 2 लाख 30 हजार. रक्कम मोठी वाटते. पण ती पाच वर्षांवर आणि 500 घरांवर वाटली, तर दर घरामागे महिन्याला आठ रुपयेही होत नाहीत. आता उलटा हिशेब. सततच्या बिघाडाला कंटाळून 40 घरे सोडून गेली, तर महिना 400 रुपयांप्रमाणे एका वर्षात 1 लाख 92 हजार गेले. स्वस्ताईची बहुतेक बचत पहिल्याच वर्षी बुडाली.

धंद्यातली माणसे म्हणतील, हा हिशेब ज्याच्या हातात भांडवल आहे त्याचा. ते खरे आहे. छोट्या केबलवाल्याला बँक सहज कर्ज देत नाही आणि पुरवठादाराची उधारी हाच त्याचा आधार असतो. म्हणून महागडे परदेशी नावच घ्या, असे माझे म्हणणे नाही. शेजारच्या चार-पाच केबलवाल्यांनी एकत्र खरेदी केली, तर दरही उतरतो आणि सुटे भाग सगळ्यांत मिळून ठेवता येतात. एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्यांना हे जड जाईल, पण वेगवेगळे राहून पुरवठादारासमोर कुणाचीच किंमत राहत नाही.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. 15 जून 2021 पासून परवानाधारक कंपन्यांना नवी उपकरणे सरकारने विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच घ्यावी लागतात. केबलवाला बहुधा एखाद्या परवानाधारक कंपनीचा भागीदार म्हणून काम करतो, त्यामुळे आपण घेतो ते मॉडेल या नियमात बसते का, हे त्याने लेखी मागून घ्यावे. हा प्रश्न देशभक्तीच्या घोषणांचा नाही, बुडणाऱ्या पैशाचा आहे. अमेरिकेतल्या ग्रामीण भागातील छोट्या कंपन्यांनी हुआवे आणि झेडटीईची स्वस्त यंत्रे घेतली होती. 2020 च्या कायद्यानंतर ती काढून बदलण्याची वेळ आली. सरकारने आधी 190 कोटी डॉलर दिले, खर्च त्याच्या दुपटीहून जास्त निघाला, आणि उरलेल्या रकमेची तरतूद व्हायला 2024 चा डिसेंबर उजाडला. आपल्याकडच्या केबलवाल्याला अशी भरपाई कोण देणार?

आणि बिघाड फक्त परदेशी सरकारांच्या भांडणातून येत नाही. जुलै 2017 मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांकडचे हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड त्यांत तसाच राहिला होता. फर्मवेअरची दुरुस्ती किती वर्षे देणार, हे न सांगणारी कंपनी स्वस्त असली तरी घेऊ नये, ते यासाठी.

तिसरा मुद्दा जागेचा. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने ग्रामीण भागासाठी छोटे टेलिफोन एक्स्चेंज बनवले, तेव्हा ते वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालले पाहिजे, हे आधी ठरवले. मानखुर्दची खाडीची दमट हवा, पत्र्याखालची खोली, पावसाळ्यातले पाणी आणि जाणारी वीज माहितीपत्रकात नसते. म्हणून पैसे देण्याआधी दोन कंपन्यांची यंत्रे महिनाभर चाचणीला मागावीत. सगळ्यांत तापणाऱ्या खोलीत ठेवावीत. वीज तोडून पाहावी. दुसऱ्या कंपनीचा ओएनयू जोडून पाहावा. रविवारी रात्री मदतीच्या नंबरवर फोन करून पाहावा.

या चाचण्या घेऊ शकणारी मुले आपल्याच गल्लीत आहेत. मानखुर्द, गोवंडी, चिता कॅम्पमधली कितीतरी मुले शिडी खांद्यावर घेऊन फायबर जोडतात, रात्री बारा वाजता तक्रारी ऐकतात. कोणता डबा किती दिवसांत मरतो, हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. तरी खरेदीच्या बैठकीत त्यांना कुणी बोलवत नाही आणि तेही आपणहून बोलत नाहीत. मित्रांनो, एक वही करा. कोणत्या मॉडेलचा डबा कधी लावला, कधी बिघडला, कशाने बिघडला, बदलून मिळायला किती दिवस गेले. सहा महिन्यांनी ती वही मालकासमोर ठेवा. विक्रेत्याच्या गोड बोलण्याला तिच्याएवढे चोख उत्तर दुसरे नाही.

नाहीतर मेलेले डबे शेवटी जायचे तिथेच जातात. मंडाळ्याचा भंगार बाजार आपल्यापासून काही लांब नाही.