चार ठिपक्यांची पुण्यतिथी

जयंती-पुण्यतिथी जवळ आली की पांढऱ्या कागदावर एखादी रेघ, एखादे वर्तुळ आणि कोपऱ्यात बारीक टायपात तारीख, एवढ्यावर भागवणारी पोस्टरे हल्ली मुबलक दिसतात. सोलापूरच्या चार हुतात्म्यांची फाशी १२ जानेवारी २०३१ रोजी शंभर वर्षांची होईल. तेव्हा चार फास किंवा चार ठिपके काढून मोकळे व्हावे, असे कुणाही संकल्पनकाराला सुचेल. सुचू नये, अशी आमची इच्छा आहे.

वजाबाकी करायला हाती आधी काही असावे लागते. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हात कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी गांधीजींचा केवळ चष्मा ठेवला. तो पुरला, कारण बाकीचा चेहरा नोटेवरून प्रत्येकाच्या खिशात होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांचे चेहरे कुणाच्या खिशात आहेत? सोलापूर-पुणे गाडीला ‘हुतात्मा एक्सप्रेस’ म्हणतात. ज्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात हे चौघे फासावर गेले तिथवर ती रोज माणसे नेते. पण डब्यात चारही नावे सांगणारा प्रवासी शोधून पाहावा!

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, गोळीबार झाला, लष्करी कायदा आला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ज्यांच्यावर ठेवून फाशी दिली गेली त्यांत एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा आणि एक मारवाडी होता. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत वावरत, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा नांदवणाऱ्या या शहराचा इतिहास त्या नावांच्या वेगळेपणातच आहे. ठिपके मात्र सारखे असतात; कोणता ठिपका कुर्बानचा, हे विचारायची सोय नाही.

पोस्टर म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, असे यावर सांगितले जाईल. मान्य. मोकळी जागा विचाराला अवकाश देते, हेही एरवी मान्य. पण ज्याला काहीच ठाऊक नाही तो त्या जागेत कशाचा विचार करणार? चार नावांना एक ओळ पुरते. ती मोठ्या टायपात, चारही लिप्यांत छापावी आणि चेहरे शहरातल्या चार पुतळ्यांवरून घ्यावेत. तारीख हवी तर कोपऱ्यात राहू द्यावी.